भरलेला दाणा, पोचा दाणा

ऑक्टोबर महिन्यातल्या शनिवारी सकाळी शिकागोच्या पश्चिमेकडील एका राखीव गवताळ रानात आम्ही पंधरा-वीस स्वयंसेवक गळ्यात कागदी पिशव्या अडकवून दव वाळण्याची वाट पाहत उभे असतो. ओल्या कणसाचे बी पिशवीत तापते आणि बुरसते, म्हणून ऊन चांगले वर येईपर्यंत कोणी गवताला हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्या अर्ध्या तासात आमच्या प्रमुख बाई गवताची एकेक काडी हातात देऊन तिचे नाव विचारतात. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजूनही अडखळते. नाव बरोबर आले तरी त्यांचे समाधान होत नाही. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आणि यात बी आहे का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी एका हंगामात शिकलो. दुसऱ्याचे शिकायला मात्र मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावाहून अण्णांना इथे यावे लागले. ती हकीकत पुढे सांगतो.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयला प्रेअरीचे, म्हणजे उंच गवताच्या माळरानाचे, राज्य म्हणतात. १८२० च्या सुमारास इथे अंदाजे २ कोटी २० लाख एकरांवर प्रेअरी होती, म्हणजे राज्याचा निम्म्याहून अधिक भाग माणसाच्या उंचीच्या गवताने झाकलेला होता. त्या गवताच्या मुळ्यांची वीण इतकी घट्ट आणि तिच्याखालची काळी माती इतकी चिकट होती, की ओतीव लोखंडाच्या नांगराच्या फाळाला ती लपेटून बसे आणि शेतकऱ्याला पावलोपावली थांबून फाळ खरवडावा लागे. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डीटूर गावी गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत ती वीण उसवली गेली. १९७० च्या दशकात राज्यभर पाहणी झाली, तेव्हा मूळ अवस्थेत टिकलेली उत्तम प्रेअरी सुमारे २,३०० एकर भरली. हजारातला एक भागही नव्हे, दहा हजारांतला एक. आपल्याकडच्या काळ्या रानाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. माती जितकी चांगली, तितके तिच्यावरचे मूळ रान लवकर जाते.

जे उरले ते कुठे उरले, हेही पाहण्यासारखे आहे. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नांगरल्या गेल्या नाहीत म्हणून तिथे गवत राहिले, आणि पहिल्या वसाहतकारांनी दफनभूमीसाठी राखलेल्या जागांत नांगर शिरला नाही म्हणून तिथे राहिले. मॅक्लीन परगण्यातली वेस्टन दफनभूमीची प्रेअरी जेमतेम पाच एकरांची आहे आणि तिच्या चहूकडे मका आणि सोयाबीन आहे. प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ यांनी अशाच जुन्या दफनभूमी आणि रेल्वेच्या कडा धुंडाळून बी जमवले आणि १९७५ पासून बटेव्हिया इथल्या फर्मीलॅबच्या आवारात, कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या वर्तुळाच्या आतल्या जमिनीवर, प्रेअरी पुन्हा उभी करायला सुरुवात केली. त्याआधी १९६२ पासून लाइल इथल्या मॉर्टन वनस्पती उद्यानात रे शुलेनबर्ग हेच काम हाताने रोपे लावून करत होते. मी या दोन्ही ठिकाणांपासून फार लांब राहत नाही. नोकरीच्या निमित्ताने इथे आलो, तेव्हा शेजारी अणुविज्ञानाची प्रयोगशाळा आहे एवढेच ठाऊक होते, तिच्या आवारात अमेरिकी गवे (बायसन) चरतात आणि गवत राखले जाते हे नंतर समजले.

आता ओळखीविषयी. लांबून पाहिले तर सगळी गवते सारखीच दिसतात, ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे लांबून पाहणे सोडून देणे. बिग ब्लूस्टेम हे इथल्या सर्वांत उंच गवतांपैकी एक आणि सर्वांत प्रसिद्ध गवत. त्याच्या दांड्याच्या शेवटी फुलोऱ्याची बहुधा तीन बोटे फुटतात आणि म्हणून त्याला टर्कीचा पाय असेही म्हणतात. लिटल ब्लूस्टेम कमरेइतके, ठोंबाठोंबाने वाढणारे, बुडाशी चपटे, आणि थंडी पडली की तांबूस होणारे. साइड-ओट्स ग्रामाच्या दांड्याला सगळे दाणे एकाच बाजूला, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे लोंबतात. कॅनडा वाइल्ड राय या गवताचे कणीस झुकलेले असते आणि त्याच्या कुसा, म्हणजे दाण्यावरचे लांब ताठ केस, वाळल्यावर बाहेरच्या बाजूला वळतात, तर त्याच्याच भावकीतल्या व्हर्जिनिया वाइल्ड रायच्या कुसा सरळ राहतात. हे दोन्ही एकाच पिशवीत टाकणारा दर हंगामात एक तरी निघतो. फुलोरा आलेला नसेल, तर पान जिथे खोडाला सोडते तिथली इवलीशी जिभली पाहायची. इंडियन ग्रासची जिभली दोन टोके वर काढून उभी असते, बंदुकीच्या नळीवरच्या खाचेसारखी, आणि स्विचग्रासच्या जिभलीच्या जागी नुसती केसांची झालर असते. नको असलेल्या गवतांचीही ओळख लागते. युरोपातून आलेल्या स्मूथ ब्रोमच्या पानावर मधोमध इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी चिमटी उमटलेली असते आणि ती एकदा दिसली की पुढे आयुष्यभर दिसत राहते.

यातल्या तीन मोठ्या गवतांशी माझे नाते जुने आहे, हे मला इथे येऊन कळले. बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास ही तिन्ही ज्वारी, ऊस आणि मका ज्या गणात मोडतात त्याच गणातली आहेत. आपल्या माळावरचा पवना, मारवेल आणि कुसळी हीसुद्धा त्याच घरची. इंडियन ग्रासच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ज्वारीची नक्कल असा आहे. या घराण्यातल्या बहुतेक गवतांची एक खूण आहे. फुलोऱ्यातली कणिशके, म्हणजे इवली उपकणसे, जोडीने येतात, त्यातले एक देठाशिवाय दांड्याला चिकटलेले आणि दुसरे छोट्या देठावर. बिग ब्लूस्टेममध्ये दाणा भरतो तो देठ नसलेल्या कणिशकात, ज्याला पीळ पडलेली कूस असते. देठावरचे बहुधा नर किंवा वांझ असते. इंडियन ग्रासमध्ये तर हे दुसरे कणिशक उरलेलेच नाही, त्याचा केसाळ देठ तेवढा रिकामा उभा असतो. भिंगाखाली हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा पाहुण्यांच्या घरात अचानक आपल्या आडनावाची पाटी दिसावी तसे वाटले.

कुसळाची गोष्ट याहून मजेची आहे. आमच्या गावच्या माळावर दिवाळीनंतर चालले की पायमोज्यांत, धोतराच्या काठात आणि मेंढ्यांच्या लोकरीत कुसळे घुसतात आणि ती काढत बसणे हा संध्याकाळचा उद्योग असतो. इथे जूनच्या अखेरीला पिकणारे पॉर्क्युपाइन ग्रास म्हणजे साळिंदर गवत अगदी हेच करते, जरी ते आपल्या कुसळीच्या गणातले नाही. त्याच्या दाण्याच्या खालच्या टोकाला सुईसारखी अणी असते आणि वर वीतभर लांबीची कूस. ही कूस वाळली की दोरासारखी पीळ घेते आणि ओली झाली की तो पीळ उलगडते. हे पाहावे म्हणून एक दाणा मी घरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून त्याच्यावर थेंबभर पाणी टाकले. मिनिटभर काहीच झाले नाही. मग कुसेचा वाकडा भाग घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरू लागला आणि वाटीला अडकून थांबला. वाटी बाजूला केली, तसा तो पुन्हा निघाला. रात्रीच्या दवाने उलगडत आणि दिवसाच्या उन्हाने पीळ घेत हा दाणा मातीत स्वतःला स्क्रूसारखा रोवून घेतो, आणि अणीजवळचे मागे झुकलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. याच कारणाने तो गोळा करण्याची मुदत फार थोडी असते. एका आठवड्यात दाणा हिरवा असतो, पुढच्या आठवड्यात दांडा रिकामा असतो, आणि बी तुमच्या पिशवीऐवजी तुमच्या पायमोज्यात असते. मोज्यातलेही आम्ही काढून घेतो.

अण्णा आले ते सप्टेंबरच्या शेवटी, ज्वारीची पेरणी धाकट्या भावावर सोपवून. चार दिवस घरात बसून कंटाळले, म्हणून शनिवारी मी त्यांना बरोबर नेले. एका जुन्या पट्टीतले बिग ब्लूस्टेम आम्ही त्या दिवशी खुडत होतो. कणसे सुकून तांबडी झालेली, हात वरून खाली ओढला की मुठीत भरभर उतरत होती, आणि तासाभरात माझी पिशवी तुडुंब भरली. अण्णांनी पिशवीत हात घातला, चिमूटभर माल तळहातावर घेऊन दुसऱ्या तळव्याने रगडला, फुंकर मारली आणि जे उरले ते नखावर धरून दाबले. मग दुसरी चिमूट घेतली, मग तिसरी.

‘हे काय गोळा करतोयस?’ ते म्हणाले. ‘कणीस झकास आहे, पण आत काही नाही. पोचट आहे सगळं.’

मी त्यांना समजावू लागलो की हे रानगवत आहे, याचा दाणा ज्वारीसारखा टपोरा नसतो, तुसातच राहतो. त्यांनी ऐकून घेतले आणि चौथी चिमूट नखावर धरली. हुरड्याच्या दिवसांत कणीस दुधात आहे की चिकात, की टंच झाले आहे, हे ज्यांनी साठ वर्षे अंगठ्याने पाहिले, त्यांना दाणा तुसात असला काय आणि उघडा असला काय, फरक पडत नव्हता. मी बाईंना बोलावून त्यांचे म्हणणे इंग्रजीत सांगितले. बाईंनी भिंग आणि ब्लेड काढले, पन्नास कणिशके मोजून घेतली आणि एकेक उभे कापून पाहिले. भरलेली सहा निघाली. त्यांनी कौतुकाने भिंग अण्णांपुढे धरले, अण्णांनी ते पाहिले आणि परत दिले. त्यांचे नखाने भागत होते.

भरलेला दाणा कापला की आत पांढरा, घट्ट, पिठूळ गर दिसतो. पोचा असेल तर दोन तुसांच्या मध्ये हवा असते किंवा सुकलेला काळपट ठिपका. कधी आतला दाणा बारीक अळीने खाल्लेला असतो. बाहेरून या तिघांत काडीचाही फरक नसतो. वाइल्ड रायमध्ये आणखी एक सोंग असते: दाण्याच्या जागी काळे, नखासारखे वाकडे दाणे दिसले, तर तो अर्गट नावाच्या बुरशीचा प्रताप असतो आणि तो माल पिशवीत येऊ द्यायचा नाही. ही कापून पाहण्याची चाचणी बी गोळा करण्याच्या मार्गदर्शिकांत सांगितलेली आहे आणि ती गोळा करण्याआधी करायची असते, पिशवी भरल्यावर नव्हे. मी तिच्याकडे कागदावरची औपचारिकता म्हणून पाहत होतो, कारण भरगच्च कणीस पाहिले की माणसाचा हात थांबत नाही.

पण इतके पोचे दाणे का, हा प्रश्न मला सतावत राहिला. दुष्काळ हे एक कारण असते. अळी हे दुसरे. तिसरे कारण मात्र माझ्या मनातून जात नाही. बिग ब्लूस्टेमचे परागण वाऱ्यावर होते, आणि ते बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळत नाही, त्याला परक्या झाडाचा पराग लागतो. त्यातच ते जमिनीखालच्या कंदवजा खोडांनी आडवे पसरते. त्यामुळे आपल्याला पन्नास ठोंब दिसतात, पण प्रत्यक्षात ते एकाच झाडाचे पन्नास फुटवे असू शकतात. पाच एकरांच्या तुकड्यात, जिथे चारी बाजूंना मका आहे आणि जवळची दुसरी प्रेअरी कैक मैलांवर आहे, तिथे परका पराग यायचा कुठून? गवत हिरवे असते, उंच असते, फुलोराही भरपूर येतो, आणि दाणा भरत नाही. आम्ही खुडत होतो ती पट्टी नेमकी अशी होती. एकाच बुडख्याचा विस्तार असावा, असा बाईंचा संशय होता.

म्हणूनच शास्त्रशुद्ध संकलनाचे नियम मोजमापाचे असतात. अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनींवर देशी वनस्पतींचे बी जमवण्यासाठी २००१ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानाच्या सहकार्याने जो कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या रीतीप्रमाणे किमान ५० वेगवेगळ्या झाडांवरून बी घ्यायचे, जिवंत दाणे १०,००० च्या वर मिळतील असे पाहायचे, आणि त्या दिवशी पिकलेल्या एकूण बियांच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक घ्यायचे नाही. झाडे निवडतानाही फक्त उंच आणि डौलदार निवडायची नाहीत. बुटके घ्यायचे, ओढ्याच्या काठचे घ्यायचे, टेकाडावरचे वाळके घ्यायचे, लवकर पिकलेले आणि उशिरा पिकलेले असे दोन-तीन फेऱ्यांत घ्यायचे. शेतकऱ्याची बियाणे निवडण्याची रीत याच्या बरोबर उलटी असते. तो सर्वांत चांगले कणीस बाजूला काढतो, आणि इथे चांगले कोणते हे ठरवण्याचा अधिकारच आपण स्वतःकडे ठेवायचा नसतो. अण्णांना हे पटले नाही. मला अजून ते पटवून देता आलेले नाही.

शिवाय परवानगी. राखीव रानातून परवान्याशिवाय काडीही खुडता येत नाही, आणि रस्त्याच्या कडेला तेच गवत दिसले म्हणून तिथून घेणे तर त्याहून वाईट. कारण रस्त्याकडेला पेरलेले बी बहुधा बाजारचे असते. स्विचग्रासचे ‘केव्ह-इन-रॉक’ हे वाण याच राज्याच्या दक्षिण टोकाच्या एका ठिकाणावरून घेतलेल्या बियांतून निवडून चाऱ्यासाठी वाढवले गेले आहे. ते जोमदार आहे, म्हणून मूळ रानाजवळ नको आहे. असले वाण नाजूक रानफुलांना डोके वर काढू देत नाही. खरे तर आपण स्वतः जमवलेल्या बियांच्या बाबतीतही ही चूक होते. सुरुवातीच्या काळात उभ्या केलेल्या अनेक प्रेअरी नुसत्या उंच गवताच्या भिंती होऊन बसल्या, कारण बिग ब्लूस्टेमचे बी पोत्याने मिळते आणि फुलझाडांचे चिमटीने. आता जाणकार मंडळी उंच गवतांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात. मला विचाराल तर साइड-ओट्स ग्रामा, लिटल ब्लूस्टेम आणि प्रेअरी ड्रॉपसीड यांच्यावर अधिक श्रम खर्च व्हावेत.

प्रेअरी ड्रॉपसीडविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारीक पानांचा, कारंज्यासारखा पसरलेला ठोंब. सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यातून एक वास येतो, ज्याला इथली मंडळी मक्याच्या लाह्यांचा म्हणतात. मला तो भाजलेल्या धण्यांचा वाटतो, आणि या बाबतीत आमचा मतभेद मिटलेला नाही. याचे बी गोल आणि वजनदार असते, आणि नावाप्रमाणे पिकताच गळते, त्यामुळे तीन दिवस उशीर झाला तर वर्ष गेले.

घरी आल्यावरच्या कामांत मी सर्वांत मोठी चूक केली ती दुसऱ्या हंगामात. कागदी पिशव्या संपल्या म्हणून लिटल ब्लूस्टेमचा माल प्लास्टिकच्या थैलीत भरला आणि ती गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिली. डिकी उघडली तेव्हा मूरघासाचा वास आला. थैलीत हात घातला तर आत ऊब होती. त्या बियांचे पुढे काही झाले नाही. आता वर्तमानपत्रावर पातळ पसरून आठवडाभर गॅरेजमध्ये वाळवतो, दिवसातून एकदा हलवतो, आणि उंदरांसाठी झाकण म्हणून वर जाळी घालतो. बियांच्या बँकेत, उदाहरणार्थ शिकागो वनस्पती उद्यानातल्या प्रेअरी बीज बँकेत, बी आधी कोरड्या थंड हवेत सुकवून मग उणे २० अंशांवर ठेवतात. आमचे बी महिना-दीड महिन्यात मातीत जायचे असल्याने गॅरेज पुरते.

सफाईसाठी मी हौसेने भारतीय दुकानातून सूप आणले होते. ड्रॉपसीडला ते लागू पडले. दोन झटक्यांत कोंडा पुढे आणि दाणा मागे. ब्लूस्टेमला मात्र पाखडणे लागू पडत नाही, कारण त्याचा भरलेला दाणाही केसाळ तुसासकट पोच्याइतकाच हलका तरंगतो, आणि वारा दिला तर दोघेही शेजाऱ्याच्या अंगणात जातात. त्यामुळे हे बी कोंड्यासकटच तोलतात आणि किती टक्के माल शुद्ध, त्यातला किती टक्के उगवणारा, यांचा गुणाकार करून पेरायचे माप ठरवतात. माल ६० टक्के शुद्ध आणि त्यातला ७० टक्के उगवणारा असेल, तर शंभर किलोंत खरे बी ४२ किलो.

अण्णांनी नापास केलेली ती पिशवी बाईंनी टाकून दिली नाही. तिच्यावर गवताचे नाव, तारीख आणि पट्टीचा क्रमांक यांच्याखाली ‘५० पैकी ६’ असे लिहिले, आणि डिसेंबरात लाकडाच्या भुशात कालवून ती दाट फेकली. पुढच्या एप्रिलमध्ये ती पट्टी नियमाप्रमाणे जाळली गेली. जाळानंतरच्या हंगामात गवत अधिक फुलते. त्याच वर्षी पट्टीच्या कडेला, दुसऱ्या जागेच्या परवानगीने आणलेल्या बियांची रोपे लावण्यात आली, म्हणजे पुढेमागे परका पराग मिळेल. ती रोपे अजून गुडघ्याइतकी आहेत, फुलोरा यायला वेळ लागेल.

गेल्या आठवड्यात त्याच पट्टीत मी खुडण्याआधी पन्नास कणिशके कापली. भरलेली अकरा निघाली. रात्री अण्णांना फोन करून आकडा सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘मग आता पाखरं राखायला कोण आहे?’

मी सांगितले की राखण कुणीच करत नाही. इथे हिवाळ्यात बर्फाच्या वर निघालेल्या गवताच्या दांड्यांवर चिमण्यांचे थवे उतरतात, आणि शंभरातला ऐंशीचा जो वाटा आम्ही दांड्यावर सोडतो, त्यात त्यांचेही आले.

‘ऐंशी?’ अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.